आरशासारख्या पायऱ्या

फार जुनी गोष्ट आहे. पाण्याची टंचाई असलेल्या एका गावात एक पाथरवट राहायचा. त्याच्या हातात अशी कला, की दगडसुद्धा मेणासारखा वळायचा. गावाने त्याला बारव बांधायला सांगितली. बारव म्हणजे पायऱ्या उतरून जायची मोठी विहीर.

त्याने जीव ओतून बारव बांधली. काळ्या दगडाच्या पायऱ्या घासून घासून अशा चकचकीत केल्या, की वाकलं तर आपलं तोंड दिसावं. लोक गाड्या जुंपून बघायला यायचे. राजाच्या कानावर गेलं. राजाने निरोप धाडला, "आम्ही उद्या येतो. ऐकलं तशी असेल, तर मानाचा शेला तुझा आणि राजवाड्याचं कामही तुझंच."

पाथरवट आनंदाने बारवेवर गेला. बघतो तर एक बाई लेकराला पोटाशी धरून, बसत-बसत, सरकत खाली उतरत होती.

तो हसला. "अगं बाई, पाय दिलेत ना देवाने? चालत उतर की!"

"दादा, पायऱ्या लई देखण्या आहेत," बाई म्हणाली. "पण पाणी सांडलं की पाय ठरत नाही. काल माझी जाऊ पडली. माझ्या तर कडेवर लेकरू आहे."

पाथरवटाला राग आला. "पाय घसरला तर दगडाचा काय गुन्हा? दगड चांगला-वाईट नसतो. तो देखणा असतो, नाहीतर ओबडधोबड."

"दगडाला कोण बोलतंय, दादा? आम्ही रोज भरले घडे घेऊन चढणार, हे दगडाला कुठे ठाऊक होतं? तुम्हाला ठाऊक होतं."

बाई गेली, पण तिचं बोलणं काही जाईना. शेवटी त्याने स्वतःच घडा भरला, डोक्यावर घेतला आणि ओल्या पायरीवर पाय ठेवला. सर्रकन घसरला! घडा फुटला, गुडघा सोलला. फुटक्या खापऱ्या वेचताना त्याच्या मनात आलं, लेकरू असतं तर?

त्याने घरी जाऊन छिन्नी-हातोडा घेतला. बायको आडवी आली. "उद्या राजा येणार आणि आज पायऱ्या खरवडताय? वेड लागलंय का तुम्हाला?"

"आजवर वेड होतं. आता उतरलं," तो म्हणाला. गुळगुळीत झालेला पाटा खरखरीत करायला छिन्नीने टाकी लावतात, तशी त्याने रात्रभर एकेका पायरीला टाकी लावली. आपलीच चमक आपल्या हाताने घालवताना त्याचे डोळे भरून येत होते, पण हात थांबला नाही.

राजा आला. काठावरूनच म्हणाला, "आम्ही आरसा बघायला आलो होतो. हा तर मसाला वाटायचा पाटा!" सगळे सरदार हसले. शेला घडी न मोडताच परत गेला.

पाथरवट मान खाली घालून बसून राहिला. तेवढ्यात बाया पाण्याला आल्या. या खेपेला कुणी सरकत उतरलं नाही. त्या बाईनेही लेकराला खाली सोडलं. बारवेच्या भिंतींवर त्याने राघू कोरले होते, वेली कोरल्या होत्या. इतके दिवस बायांची नजर पायांवरून हललीच नव्हती. आज पहिल्यांदा माना वर झाल्या.

"आई, राघू!" लेकरू ओरडलं आणि दुडुदुडु पायऱ्या उतरत गेलं.

तात्पर्य: दगडाला पाप-पुण्य नसतं, दगड बसवणाऱ्याला असतं. ज्या सुंदर गोष्टीला वापरणाऱ्याची काळजी असते, तिच्याकडेच माणूस निर्धास्त डोळे भरून बघू शकतो.