लाल बाजरीचा खटला

पाखरं वकिली करायची त्या काळची गोष्ट. मंजुळा साळुंकीला पहिलाच खटला मिळाला. घुशीने दवंडी पिटली होती, "लाल बाजरीचं वाण माझं! मला विचारल्याशिवाय कुणी पेरायचं नाही." पिढ्यान्‌पिढ्या ते बियाणं जपणाऱ्या मुंग्या रडकुंडीला येऊन मंजुळाकडे धावल्या.

न्यायाधीश होते कासवराव. त्यांच्यासमोर मंजुळाने विचारलं, "घूसबाई, ही बाजरी पेरतात कधी?"

"पेरतात?" घूस गोंधळली. "मी तर बिळात नेऊन खाते!"

सारं रान खदखदून हसलं. कासवराव तर हसता हसता उताणे पडले आणि तसेच ओरडले, "वाण मुंग्यांचं!"

मंजुळा आनंदाने आभाळात गिरक्या घेऊ लागली. खाली मुंग्यांनी घुशीपुढे चार दाणे ठेवले. "चला मावशी, पेरायला शिकवतो."