तीन ओंजळी पाणी

एकदा काय झालं, समुद्राकाठच्या राजानं आपली मुलगी डोंगरातल्या राज्यात दिली. तिचं नाव शिंपली. पोहायला लागली की माशांना मागं टाकायची, आणि तोंडानं फटकळ, बरं का.

डोंगरातल्या त्या राज्याच्या वेशीवर एक नदी होती. परक्या मुलखातून सून आली की सासूनं तिला त्या नदीचं पाणी पाजायचं. तीन ओंजळी. पहिल्या ओंजळीनं माहेरचं घर विसरायचं. दुसरीनं माहेरची भाषा. तिसरीनं स्वतःचं नाव. मग काठावरचे पागोटेवाले म्हातारे माना डोलवायचे, आता ही आमची झाली म्हणायचे. जी पिणार नाही तिला वेशीबाहेर काढायचं, आणि न पाजणाऱ्या सासूलाही तिच्याबरोबर.

शिंपलीची सासू मोठी राणी. तीही कधीकाळी परमुलखातूनच आलेली, तिन्ही ओंजळी प्यायलेली. रोज दिवेलागणीला तिला वाटायचं, आपल्याला कुणीतरी हाक मारतंय. पण काय म्हणून, ते कळायचं नाही.

मग शिंपली पहिली ओंजळ प्यायली. घर गेलं. दुसरी प्यायली. माहेरची भाषा गेली, डोंगरातली आली. तिसऱ्या वेळी सासूनं बोटं जराशी फाकवली. सगळं पाणी गळून गेलं.

"प्यायल्यासारखं कर," सासू हळूच म्हणाली.

शिंपलीनं पदरानं तोंड पुसलं. म्हातारे खूश.

शिंपली रोज उठली की मनात आपलं नाव म्हणायची आणि सासूच्या पाया पडायची. पण एक गोष्ट तिला बोचायची. जिनं माझं नाव वाचवलं, तिचं नाव काय?

मग तिनं नवऱ्याला विचारलं. राजपुत्र स्वभावानं बरा, पण आईला नाव असतं हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. मग सासऱ्यांना विचारलं. राजा म्हणाला, मी राणी म्हणतो, ती ओ देते. मग दिवाणजींना विचारलं. ते होते चलाख.

"सूनबाई, नाव असतं हे तुम्हाला कसं आठवतं?"

"मी शिंपली, म्हणून आठवतं," ती म्हणाली.

झालं. दोघींना वेशीबाहेर काढायचं ठरलं. सगळा दरबार नदीवर आला. नदीनं नेलेलं नदीतच असणार, म्हणून शिंपलीनं पदर खोचला आणि सगळ्यांदेखत पाण्यात उडी मारली. माहेर विसरली होती, पण तिच्या हातापायांना कुणी पाणी पाजलं नव्हतं ना.

नदीच्या तळाशी होते गुळगुळीत खडे. एकेका ओंजळीनं जे विसरलं, त्याचा एकेक. शिंपलीनं पदर भरून आणले. स्वतःचे दोन कानाला लावले, तर आत समुद्र गाजत होता.

मग सासू बसली शोधायला. हा नाही, हा नाही, करता करता एक सापडला. त्यात तिच्या अंगणातला भोपळ्याचा वेल सळसळला. दुसऱ्यात तिच्या मुलखातली अंगाई. तिसरा कानाला लावला आणि म्हातारी ताठ उभी राहिली.

"मी गोकर्णा," ती म्हणाली. "पोरी, तुझे फार उपकार."

"आधी तुमचे, आईसाहेब."

मग राजानं तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली. तिनं ओ दिली. पदरातले बाकीचे खडे तर घरोघरच्या सुनांचे, मग बाहेर काढायचं तरी कुणाकुणाला? राजानं दिवाणजींच्या हाती कुदळ दिली आणि वेशीवर विहीर खणायला लावली. गोड पाण्याची. तेव्हापासून नव्या सुना तेच पाणी पितात, तेही तहान लागली तर. दोघी सासूसुना सुखानं राहिल्या.

आणि आजी हे काही नाव नव्हे, बरं का. माझं नाव द्वारका. आता तुम्ही आपापलं नाव एकदा हळूच म्हणा, आणि मिटा डोळे.