न हुंगलेलं फूल

"उद्या देवीला एकच फूल वाहायचं. बागेतलं सगळ्यात जास्त घमघमणारं," राजा उदयभान म्हणाला, "पण ते कोणी हुंगलेलं नसावं. हुंगलेलं फूल देवीला चालत नाही, ठाऊक आहे ना?"

म्हाळसाच्या हातातली परडी तशीच राहिली. वाड्यामागची परसबाग तीच राखायची. मोगरा, जाई, सोनचाफा, सगळ्यांना एकदम बहर आलेला. आता न हुंगता वास कळायचा कसा?

"महाराज, एक हुंगून त्याच झाडाचं दुसरं आणलं तर?"

"शितावरून भाताची परीक्षा करतेस होय? एका झाडाची दोन फुलंसुद्धा सारखी नसतात. चुकीचं फूल आणलंस, तर बाग दुसऱ्याच्या हाती देईन."

हट्टी माणूस! एकदा डोक्यात शिरलं की राणीसाहेबसुद्धा गप्प बसत. म्हाळसाला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. तिची चूल त्या बागेवरच पेटायची, आणि झाडं तर तिनेच लहानाची मोठी केलेली.

सकाळी मात्र ती खुशाल देवघरात आली. केळीच्या पानावर एक टपोरा मोगरा.

"हेच कशावरून?" राजाने मिशीवरून बोट फिरवलं.

"खोटं वाटत असेल तर हुंगून बघा, महाराज."

राजा वाकला. नाक फुलापाशी गेलं आणि तिथेच थबकलं.

"मी हुंगलं, तर देवीला काय वाहायचं?"

"ते मी काय सांगू? अट तुमचीच."

"बरं, आधी वाहू. प्रसाद म्हणून हातात आलं की हुंगेन. मग बघतो तुझ्याकडे."

"बघा की. फक्त देवीच्या प्रसादाला वास कमी आहे, असं तिच्यासमोर उभं राहून म्हणून दाखवा!"

राणीसाहेबांनी तोंडाला पदर लावला. राजाने एकदा देवीकडे पाहिलं, एकदा म्हाळसाकडे, आणि असा खदखदून हसला की समईची ज्योत हलली.

"बाग तुझीच. पण खरं सांग, निवडलंस कसं?"

"दारापाशी होतं, महाराज. पहिला हात तिथेच पोचला."

राजाला पुन्हा हसू आवरेना. "माग, काय हवं ते माग."

"एक मोगरा माझ्या अंगणात लावू द्या. जन्मभर देवाची फुलं तोडली, पण एकही मनसोक्त हुंगायला मिळालं नाही."

दुपारीच दोन गड्यांनी मुळाच्या मातीसकट मोगरा तिच्या अंगणात आणून लावला. संध्याकाळी कळ्या उमलल्या, तेव्हा म्हाळसाने आधी पोटभर हुंगलं. मग अख्खी आळी नाक पुढे करून रांगेत उभी!