टिटवीचं ओलं पोट

“अगं टिटवे, ऐकलंस का? वरच्या खिडकीत म्हणत होते, ‘उद्यापासून हे पाणी इथे पडणार नाही, ते आता...’ आणि मेल्यांनी खिडकीच लावून घेतली!” साळुंकी धापा टाकत म्हणाली.

मुलांनो, वाळवंटातल्या एका शहरात, एका दुकानाच्या खडी पसरलेल्या छपरावर ही टिटवी राहत असे. साळुंकी तिची शेजारीण. त्या शहरात पावसाळा असा नाहीच. थंडी सरली की वरच्या मजल्यांच्या खिडक्यांवरची गार हवेची यंत्रं घुरघुरू लागत आणि त्यांचं पाणी छपरावर ठिबके. पाखरं म्हणत, आला बाई उन्हाळा! टिटवी त्या पाण्यात पोट भिजवून खडीतल्या अंड्यांवर बसे. नाहीतर अंडी शिजायचीच की!

“चल तळ्यावर,” साळुंकी म्हणाली. “अंडी काय, पुन्हा घालशील.”

“तुझी असती तर बोलली असतीस असं?” टिटवी म्हणाली. “मी हलणार नाही.”

दुसऱ्या दिवशी ठिबक खरंच थांबली. साळुंकी सगळ्या पाखरांना घेऊन तळ्याकडे उडाली. टिटवीचा जोडीदार टिटवा पंख पसरून अंड्यांवर उभा राहिला. “मी सावली धरतो, तू पाणी बघ,” तो म्हणाला. टिटवीने चौकातलं कारंजं पाहिलं, कोरडं. गाड्या धुतात ती जागा पाहिली, तीही कोरडी. परतली तेव्हा टिटव्याने चोच वासली होती. “आणखी एकदा बघते,” ती म्हणाली. या वेळी ती दूर न जाता थेट यंत्रापाशी गेली. त्याला नवी नळी जोडली होती. नळीच्या मागोमाग ती भिंत उतरली, तर इमारतीमागे लिंबाच्या झाडाच्या आळ्यात पाणी ठिबकतंय! टिटवीने पोट चिंब केलं आणि वर उडाली. मग रोज ऊन कलेपर्यंत तिच्या खेपा चालू.

पिल्लं खडीत तुरुतुरु धावू लागली, तेव्हा साळुंकी परतली. पार सुकलेली. “तळं निम्मं आटलंय, त्यात बगळ्यांची दादागिरी! पण अगंबाई, इथलं पाणी बंद होणार होतं ना?”

“छपरावरचं झालंच की, साळूताई. पुढचं तेवढं ऐकायचं राहिलं तुझं. चल, आधी पाणी पी.”

तात्पर्य : कडक उन्हाळ्यात अर्ध्या बातमीवर घर सोडू नये, पाणी आटलं म्हणण्याआधी ते कुठे वळलं, ते शोधावं.