चांदरी म्हशीच्या शोकाची कहाणी

ऐका जिवतीबाई, तुमची कहाणी. एक होतं आटपाट गाव, तिथं एक गवळ्याचं घर. घरात सासू होती, सून होती. सुनेचं नाव येसू. येसूचं तान्हं मूल चैत्रात गेलं. सासूनं तिला रडू दिलं नाही. दुसरं होईल म्हणाली, कामाला लाग म्हणाली. येसू कामाला लागली.

पुढं श्रावण आला. गोठ्यातली चांदरी म्हैस व्याली, तिचंही रेडकू दगावलं. चांदरी वैरण खाईना, धार देईना. शुक्रवारी जिवती पुजायची, सवाष्णींना दूध-फुटाणे द्यायचे, तर दूध कुठून आणावं? मग सासूनं काय केलं? रेडकाच्या कातड्यात पेंढा भरवला, काठ्यांवर उभं केलं, म्हशीपुढं ठेवलं. जनावराला काय कळतंय, म्हणाली.

पहिल्या शुक्रवारी चांदरीनं ते हुंगलं, चाटलं, पान्हा सोडला. येसूनं धार काढली, सवाष्णींना दूध दिलं. दुसऱ्या शुक्रवारी चांदरी त्याला नाकानं ढोसू लागली, निजलेल्याला उठवावं तशी. ते आडवं पडलं. येसूनं उभं केलं, मान फिरवून धार काढली. तिसऱ्या शुक्रवारी चाटता चाटता शिवण उसवली, पेंढा बाहेर आला. चांदरी उपाशी होती, पण त्या पेंढ्याला तोंड लावीना. दाराकडे बघून रेकत राहिली.

मग येसूनं चरवी खाली ठेवली. कातडं उचललं, परसात नेऊन पुरलं. मग म्हशीच्या गळ्यात हात घातले आणि चैत्रात राहिलेलं रडू रडली. सासू दारातून बघत होती.

इतक्यात एक सवाष्ण अंगणात आली. पिवळं लुगडं, कपाळी मळवट. तिनं दूध-फुटाणे मागितले. येसूनं हळदकुंकू लावलं, फुटाणे ओंजळीत घातले. म्हणाली, "दूध नाही, बाई. म्हशीचं रेडकू गेलंय. तिला फसवून काढलेलं दूध मी जिवतीपुढं ठेवणार नाही."

सवाष्णीनं विचारलं, "जनावराला आपल्यासारखं दुःख होतं होय?"

येसू म्हणाली, "आपल्यासारखं होतं की तिचं निराळंच असतं, ते मला कसं कळावं? ती दाराकडे बघते. मीही बघते. एवढंच मला कळतं."

तेव्हा सासू पुढं आली, येसूजवळ बसली. "माझंही एक गेलं होतं," म्हणाली. "मलाही कोणी रडू दिलं नव्हतं."

सवाष्णीनं फुटाणे खाल्ले. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, सुनेच्या फिरवला, सासूच्या फिरवला. बघतात तो अंगणात कोणी नाही, कुंकवाची पावलं तेवढी उमटलेली. ती जिवती होती.

मग चांदरीनं वैरण खाल्ली. गावात एक आईवेगळं रेडकू होतं, ते येसूनं आणलं. आधी चांदरीनं शिंग उगारलं, मग हुंगलं, मग चाटलं आणि पाजलं. त्यानं पोटभर प्यावं, उरेल ते घरानं घ्यावं, असा वसा सासूसुनांनी घेतला. पुढल्या श्रावणात घरात पाळणा हलला. पहिलं मूल येसू विसरली नाही, 'विसर' असं तिला कोणी म्हटलंही नाही.

जशी जिवतीबाई येसूला पावली, चांदरीला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो, गोठ्यातल्या मुक्या आयांनाही पावो. साठा बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.