दोन घरचा पाहुणा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा जनावरे बोलत असत आणि माणसे त्यांचे सोयीपुरते ऐकत असत. डोंगरांच्या कुशीत एक खोरे होते. त्या खोऱ्यात सात गावे होती आणि सातही गावांना मिळून एकच पंच होता. पंच म्हणजे खरे तर पाच माणसे. पण इथे पाचांचे काम एकटाच करायचा. लोक त्याला तात्या म्हणत.

बांधावरून दोन शेजारी भांडले, की तात्याला बोलावणे जाई. तात्या दोघांचे ऐकून घेई, जमीन बघे, मग चुलीतली राख मुठीत घेऊन अनवाणी चालू लागे. चालता चालता मुठीतून राख सांडत जाई. ती राखेची रेघ म्हणजे दोघांमधली शीव. रेघ पंचाने स्वतःच ओढायची, असा त्या खोऱ्याचा रिवाज होता. आणि एकदा का ती पडली, की दोघांची नातवंडेसुद्धा तिच्यावर कुरकुर करत नसत.

रिवाज एवढ्यावर संपत नसे. वाद मिटला, की दोन्ही घरांनी पंचाचे तोंड गोड करायचे. एकाच घरी खाल्ले तर पंचाने पक्षपात केला असे होई. म्हणून तात्या एका घरी पुरणपोळी खाई, ढेकर देई, आणि लगेच दुसऱ्या घरी पाटावर जाऊन बसे. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी आपल्याकडे म्हण आहे. तात्या दोन्ही घरचा पाहुणा होता आणि दोन्हीकडे भरपेट जेवत होता.

तरुणपणी हे सारे पचून गेले. तेव्हा तात्या सडसडीत होता. सकाळी या गावात, दुपारी त्या गावात, पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरायचा. खाल्लेले अंगी लागायला सवड कुठली? पण चाळिशी उलटली, कीर्ती वाढली, वाद वाढले आणि जेवणावळीही वाढल्या. सात गावांनी मिळून त्याला एक तट्टू भेट दिले. पाय थांबले, तोंड थांबले नाही. हळूहळू तात्याचे पोट सुटले. सपाट शेतात तो तट्टावर बसूनच राख सांडू लागला. लोकांना ते रुचत नव्हते, पण त्याच्या शब्दाला मान होता, म्हणून कुणी बोलले नाही.

तट्टू मात्र बोलले.

"तात्या, जरा खातापिताना बघा," ते एकदा म्हणाले. "पूर्वी मी तुम्हाला न्यायचो. आता ओढतो."

"अरे, मला वेळ आहे का?" तात्या म्हणाला. "सात गावांचं काम डोक्यावर आहे माझ्या."

"काम तुमच्या डोक्यावर असेल. पोट माझ्या पाठीवर आहे."

तात्या खो खो हसला. बोललेले हसण्यावारी नेले, की ते ऐकायचे राहूनच जाते.

तात्याची बायको शहाणी होती. ती एका सकाळी म्हणाली, "मी काय म्हणते, वाडवडलांनी तोंड गोड करा म्हणून सांगितलंय. पोट भरा असं कुठं सांगितलंय? दोन्ही घरचा गुळाचा एकेक खडा घ्यावा, वर पाणी प्यावं. रिवाजही राहील आणि तब्येतही राहील. दुपारी खायला मी भाकरी आणि मेथीची भाजी बांधून देते. आणि जवळची गावं तरी पायी करावीत."

"लोकांना वाईट वाटतं गं. भरल्या ताटावरून कसं उठायचं? कामाची ही गर्दी सरली, की बघतो."

तिने तरी भाकरी-भाजी बांधून दिली. तात्याने ती वाटेत खाल्ली आणि मग दोन्ही घरची पुरणपोळीही खाल्ली. कळत होते सगळे, वळत काही नव्हते.

आता खोऱ्याच्या टोकाला एक उंच डोंगर होता आणि त्याच्या माथ्यावर रुंद माळ होता. त्या माळावर तात्याचा जिवाभावाचा मित्र राहत असे. माळाच्या मधोमध एक झरा होता आणि तिथल्या शेताचा आणि गुरांचा जीव त्या एका झऱ्यावर होता. तरुणपणी तात्या आठवड्यातून दोनदा तरी तो डोंगर चढून मित्राकडे ताक प्यायला जाई. चढ खडा होता. वाटेत कातळात खोदलेल्या पायऱ्या होत्या. त्या पायऱ्यांवर तट्टू चढत नसे, म्हणून तट्टू आल्यापासून तात्याचे जाणेही कमी झाले.

तो मित्र आजारी पडला, तेव्हा मात्र तात्या कसाबसा वर गेला. अर्धा दिवस लागला. मित्राने आपल्या दोन्ही मुलांचे हात तात्याच्या हातात दिले.

"थोरला तापट आहे, धाकटा हट्टी आहे," मित्र म्हणाला. "झऱ्यावरून आज ना उद्या भांडतील. तेव्हा तू येशील ना वर?"

"येईन," तात्या म्हणाला. "दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही. माझा शब्द."

मित्र समाधानाने गेला. आणि त्याने सांगितले होते तसेच झाले. दोन वर्षेही नीट गेली नाहीत, तोच भावाभावांत पाण्यावरून कुरबुर सुरू झाली. थोरल्याच्या गुरांनी झरा गढूळ केला, धाकट्याने पाट आपल्या वाफ्यांकडे वळवला. शेवटी दोघे एकत्रच डोंगर उतरून तात्याकडे आले. तोवर त्यांची मने पार विटली नव्हती.

"तात्या, तुम्ही या आणि रेघ ओढा," थोरला म्हणाला. "तुम्ही पाणी ह्याला दिलंत, तरी मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"मीसुद्धा नाही," धाकटा म्हणाला. "पण आता या. आमचं आमच्याच्यानं आता मिटत नाही."

तात्याने मान वर करून डोंगराकडे पाहिले. मागच्या खेपेला छातीत कशी धडधड झाली होती, ते त्याला आठवले. त्याने इथेच बसून सांगून टाकायची तयारी दाखवली. अमुक दगडापासून तमुक झाडापर्यंत. पण दोघांनीही माना हलवल्या. बापाने सांगून ठेवले होते, तात्या वर येईल म्हणून.

"मग डोली करून नेऊ का तुम्हाला?" धाकट्याने भीत भीत विचारले.

"डोली? मी काय म्हातारा झालो?" तात्या तडकला. "येईन पायी. दिवाळी होऊ दे. सणाचे दिवस आहेत, घरोघर बोलावणी आहेत. एकदा फराळ आटोपला, की खाणं जरा कमी करतो, अंग हलकं करतो आणि येतोच."

दिवाळी झाली. मग म्हणाला, संक्रांत होऊ दे, लोक तिळगूळ घेऊन दारात येतात, त्यांना काय सांगू? संक्रांत झाली. मग होळीची पुरणपोळी आली. मग लग्नसराई. आपले सण असे एकमेकांचे बोट धरून येतात, मध्ये पथ्याला शिरायला जागाच नसते. त्यात कामे होतीच. कामे खोटी नव्हती, हेही मी सांगतो. तात्या सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खरोखर राबत होता. लोकांच्या भल्यासाठीच राबत होता. म्हणून तर त्याला आपली सबब खरी वाटत होती.

भाऊ सुरुवातीला दोघे मिळून यायचे. पुढे वेगवेगळे येऊ लागले आणि एकमेकांची गाऱ्हाणी सांगू लागले. त्यानंतर ते यायचेच बंद झाले. तात्याला वाटले, मिटले असेल. त्याला हायसे वाटले. खोटे कशाला बोलायचे, चढ टळला म्हणून हायसे वाटले.

उन्हाळा आला. झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. आणि एके सकाळी एक गुराखी धावत तात्याच्या अंगणात आला.

"तात्या, चला! माळावर दोघांनी कोयते काढलेत. आमचं कुणाचं ऐकत नाहीत. म्हणतात, तात्याला आणा, नाहीतर आज निकाल आम्हीच लावतो."

तात्याने हातातली न्याहारी टाकली. बायकोने धावत जाऊन चुलीतली राख त्याच्या उपरण्यात बांधून दिली. तट्टू कधी धावले नव्हते, ते त्या दिवशी धावले. त्याच्या तोंडाला फेस आला. पण डोंगराच्या पायथ्याशी, कातळाच्या पहिल्या पायरीपाशी, ते थांबले.

"तात्या, इथवर माझं काम," ते म्हणाले. "पुढं तुमचेच पाय."

तात्या चढू लागला. थोडे चढला, की धाप लागे. उभा राही. पुन्हा चढे. पहिल्या वळणावर त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तो मटकन खाली बसला. वरून भावांची ओरड ऐकू येत होती. थोरला काय म्हणतो, धाकटा काय म्हणतो, शब्द न् शब्द कळत होता. वाट लांबची होती, पण कातळावरून आवाज सरळ खाली येत होता. त्याने पोटातून जोर लावून हाक मारायचा प्रयत्न केला, "थांबा! मी आलोय!" पण छातीत वारा होता कुठे? तोंडातून नुसता घरघर आवाज निघाला. शेजारच्या झुडपातली चिमणीसुद्धा उडाली नाही.

तो हातापायांवर रांगत वर गेला. जाता जाता वरची ओरड बंद झाली. तात्याला वाटले, देव पावला, थांबले दोघे.

माळावर पोचला तेव्हा धाकटा झऱ्याकाठी पडला होता. थोरला त्याचे डोके मांडीवर घेऊन बसला होता आणि ओंजळीने त्याच्या तोंडात त्याच झऱ्याचे पाणी घालत होता. पाणी ओठांवरून बाहेर येत होते.

तात्याला पाहून थोरला शांतपणे म्हणाला, "तात्या, आम्ही दोघंही मघापासून वाटेकडेच बघत होतो. तुमची हाक आली असती, तर माझा हात थांबला असता."

तात्याने गाठ सोडली. उपरण्यातली राख वाटेत कधीच सांडून गेली होती.

राजाच्या माणसांनी थोरल्याला नेले. राजाने त्याला राज्याबाहेर काढले. जाताना तो तात्याच्या पाया पडला आणि ते पाया पडणे तात्याला सोसले नाही. धाकट्याची बायको लेकरे घेऊन माहेरी गेली. माळ ओसाड पडला.

पुढे थोड्याच दिवसांत खालच्या गावात एका बांधाचा वाद निघाला. तात्या पायी गेला. तट्टू रिकाम्या पाठीने मागून चालत होते. तात्याने अनवाणी रेघ ओढली. पहिल्या घरी ताट वाढले होते. त्याने गुळाचा एक खडा तोंडात टाकला, पाणी प्यायला आणि हात जोडून उठला. दुसऱ्या घरीही तसेच केले. यजमान रागावले का? मुळीच नाही. म्हणाले, "बरं झालं तात्या, पुढच्या वेळी आमच्या घरचीचा स्वयंपाक वाचेल." इतकी वर्षे तात्याला वाटत होते, की आपण जेवलो नाही तर लोकांची मने मोडतील.

दुपारी तो झाडाखाली बसून बायकोने दिलेली भाकरी-भाजी खाई आणि तेवढीच खाई. गावे सातच होती. वाद तितकेच होते. दिवसही तेवढाच होता. एकही काम अडले नाही. पहिले काही दिवस पोटात कावळे ओरडले, गुडघे दुखले, मग दोन्ही गप्प झाले. पाऊस आला, गेला, थंडी पडली. तात्याच्या सैल झालेल्या सदऱ्याला बायकोने दोन वेळा टीप घातली.

पुन्हा उन्हाळा आला, तेव्हा एका सकाळी तात्याने मूठभर राख बांधून घेतली आणि डोंगराच्या पायथ्याशी आला. तट्टू पहिल्या पायरीपाशी थांबले. तात्या चढू लागला. पहिले वळण आले, तिथे तो थांबला नाही. कातळाच्या पायऱ्या संपल्या, तरी थांबला नाही. माथ्यावर पोचला तेव्हा कपाळावर थोडा घाम होता, बस्स. वाटेत गवत माजले होते. झरा वाहत होता, पण पाणी प्यायला गुरे नव्हती की माणूस नव्हता.

तात्याने वहाणा काढल्या आणि रेघ ओढली. झऱ्याच्या उगमापासून खालच्या पाटापर्यंत, दोन्ही बाजूंना सारखे पाणी जाईल अशी. एक भाकरी भाजून होते, तेवढ्या वेळात काम झाले. इकडे थोरल्याचे शेत, तिकडे धाकट्याचे. दोन्हीकडे कुणी नव्हते. मग माळाच्या कडेला उभे राहून त्याने दोघांची नावे घेऊन हाक मारली. हाक खणखणीत आली. खालच्या खोऱ्यात घुमली आणि परत त्याच्याकडेच आली.

बैल गेला आणि झोपा केला, असे लोक मागून म्हणाले. तात्यानेही ते ऐकले आणि मान खाली घातली.

तो खाली आला, तेव्हा तट्टाने विचारले, "कसा होता चढ, तात्या?"

"सोपा होता रे," तात्या म्हणाला. "फार सोपा होता." आणि तट्टाच्या मानेवर डोके टेकून तो लहान मुलासारखा रडला.

त्यानंतर तात्या पुष्कळ वर्षे जगला, निरोगी जगला. सातही गावांत कुणालाही त्याची वाट बघावी लागली नाही. पण कुणी त्याच्या तब्येतीचे कौतुक केले, की तो विषय बदलत असे.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, तुम्ही तर जास्तच, एवढे ध्यानात ठेवा: ज्याला आपल्या देहासाठी सवड नसते, तो आपल्या माणसांच्या हाकेला वेळेवर पोचत नाही.