हत्तीचं ‘नको’

प्राणी खानावळी चालवायचे त्या काळी, साळूबाई साळिंदरीच्या खानावळीत गोमाजी अस्वल पंगतीला वाढायचं. एकदा साळूबाईनं वाढायला चाकांवरचं यंत्र आणलं आणि गोमाजीला भांडी घासायला बसवलं.

यंत्र जिलब्या घेऊन हत्तीपुढे आलं. "नको, पुरे," हत्ती पानावर सोंड आडवी धरत म्हणाला.

"बरं," म्हणून यंत्र पुढे गेलं. हत्ती बघतच राहिला. प्रत्येकाच्या ‘नको’ला यंत्र असंच पुढे जाई, त्यामुळे अख्खी पंगत अर्धपोटी उठायला लागली.

गोमाजीला राहवेना. ओल्या हातांनीच त्यानं परात उचलली. "माझ्यासाठी एक," म्हणत सोंडेखालून जिलबी सरकवली. पंगत पुन्हा बसली.

"गोमाजी, तूच वाढ रे बाबा," साळूबाई म्हणाली. "भांडी ह्याला घासू दे."

मागाहून गोमाजी जेवायला बसला. शेजारी त्यानं यंत्रासाठीही पान मांडलं.

"नको," यंत्र म्हणालं.

गोमाजीनं दोन जिलब्या वाढल्या.